भाजी टोपलीत, माणसं गावात

चिआंग माईत राहणाऱ्या परदेशी माणसाला एक खोड लागते. तुलना करायची. कॉफीच्या दुकानात दोघे परदेशी भेटले की पाच मिनिटांत सुरू. तुमच्याकडे घरभाडं किती, दाढ काढायला किती घेतात, इथे सगळं कसं स्वस्त, माणसं कशी शांत, हॉर्न म्हणून कुणी वाजवत नाही.. मग मार्च उजाडतो, आजूबाजूची शेतं-जंगलं पेटतात, समोरचा दोई सुतेप डोंगर धुरात नाहीसा होतो आणि तीच मंडळी आपापल्या देशातल्या हवेची आठवण काढत खोकत बसतात.

मी काही वेगळा नाही. माझ्याकडे तर चक्क एक वही आहे. पानाच्या मधोमध रेघ, एका बाजूला 'इकडे' आणि दुसऱ्या बाजूला 'तिकडे'. इकडे म्हणजे चिआंग माई. तिकडे म्हणजे नगर (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय) आणि नोकरीची बारा वर्षं काढलेलं पुणं.

ही वही मध्यंतरी पडून होती. दादाच्या फोनमुळे पुन्हा बाहेर काढली. बाबा गेल्यापासून नगरच्या घरात आई एकटीच आहे. दादा तिला पुण्याला आपल्याकडे नेणार आणि घर विकणार. "तू परत येणार असशील तर थांबतो. नाहीतर कशाला ठेवायचं? एकदाचं काय ते सांग."

आता याचं उत्तर वहीत शोधायचं म्हणजे वेडेपणाच. तरी बसलो लिहीत. इकडे : फुटपाथ, शांतता, कमी खर्च. तिकडे : आई, भाषा, बाजरीची भाकरी. बेरीज काही होईना. शेवटी सायकल काढली आणि खंदकाच्या कडेने चक्कर मारायला निघालो.

हा खंदक म्हणजे या गावाची जन्मखूण. १२९६ साली मंगराय राजाने चौकोनी खंदक आणि तटबंदी घालून शहर वसवलं. एकेक बाजू साधारण दीड किलोमीटरची. 'चिआंग' म्हणजे तटबंदीचं शहर आणि 'माई' म्हणजे नवं. थोडक्यात काय, नवं नगर! आमचं नगर मलिक अहमदने १४९० च्या दशकात वसवलं, म्हणजे हे 'नवं' नगर त्याहून जवळजवळ दोनशे वर्षांनी जुनं. हे कळलं तेव्हा मला उगाचच नातेवाईक सापडल्यासारखं झालं होतं.

पण खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती स्वस्त-महागच्या गप्पांत कुणी सांगत नाही.

१५५८ मध्ये ब्रह्मदेशच्या बायिन्नाउंगने हे शहर घेतलं. पुढची दोनशेहून अधिक वर्षं, मधले खंड सोडले तर, इथे ब्रह्मी सत्ता होती. १७७० च्या दशकात सयामचा राजा ताकसिन आणि लाम्पांगचा सरदार काविला यांनी मिळून ब्रह्मी सैन्याला हुसकलं. शहर मिळालं खरं, पण शहर म्हणावं असं उरलं काय होतं? सततच्या लढायांनी माणसं मेली, पळाली, इकडेतिकडे पांगली. जवळपास वीस वर्षं हे गाव ओसाड पडलं होतं. आज जिथे पर्यटक फोटो काढतात त्या तटाच्या आत रान माजलं होतं.

१७९६ मध्ये काविलाने इथे पुन्हा समारंभाने प्रवेश केला. गाव वसवायचं तर माणसं हवीत. ती आणायची कुठून? लढाई करून! त्या काळात या मुलखात जमिनीची टंचाई नव्हती, टंचाई होती ती माणसांची. म्हणून इथे लूट म्हणजे सोन्यापेक्षा माणसंच. काविलाच्या धोरणाला इथल्या भाषेत एक म्हण आहे. तिचा अर्थ असा की भाजी वेचून टोपलीत भरा आणि माणसं वेचून गावात भरा. ऐकायला किती घरगुती! पण टोपलीतल्या भाजीला कुणी विचारत नाही, की बाई, तुला यायचंय का?

अशी गावंच्या गावं उचलून आणली गेली. आजच्या म्यानमारमधल्या चिआंग तुंगहून ताई खून आले, सिपसोंग पान्नाहून (तो आता चीनच्या युनानमध्ये आहे) ताई लू आले, मुआंग योंगहून आलेल्या योंग लोकांना शेजारच्या लाम्फूनमध्ये वसवलं. कारागीर तटाजवळ, शेतकरी बाहेर शेतांवर. शहराच्या दक्षिण वेशीबाहेर वुआ लाई नावाचा रस्ता आहे. दर शनिवारी संध्याकाळी तिथे बाजार भरतो, चांदीच्या ठोकाकामासाठी तो प्रसिद्ध. ते चांदीकाम करणारे साल्वीन नदीकडच्या भागातून आणलेल्यांचे वंशज. तिथून जवळच नांताराम विहाराच्या परिसरात लाखकाम चालतं, ते ताई खून लोकांचं.

म्हणजे आम्ही परदेशी लोक 'अस्सल चिआंग माई' म्हणून जे विकत घेऊन घरी मांडतो, ते पकडून आणलेल्या माणसांनी बरोबर आणलेलं कसब आहे. आणि त्यांची पतवंडं-खापरपतवंडं आज स्वतःला काय म्हणवतात? 'खोन मुआंग'. मुलखाची माणसं. त्यांच्या पणज्यांना कुणी इकडे-तिकडेची वही दिली नव्हती. दिली असती तरी परतीचं तिकीट कुठे होतं?

त्यानंतर आले आमच्यासारखे, आपल्या मर्जीने येणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपियन कंपन्यांना इथलं सागवान दिसलं. त्यातली एक बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ साली आपल्या मुंबईत स्थापन झालेली. १८८४ मध्ये इथे ब्रिटिश उपवकिलात आली. १८९८ मध्ये या सागवानवाल्या साहेबांनी क्लब काढला. नाव काय ठेवलं? जिमखाना! हिंदुस्थानातून उचललेला शब्द, पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याच्या आठ वर्षं आधी इथे पिंग नदीकाठी येऊन बसला. त्याला लागूनच परदेशी लोकांची दफनभूमी. तिथे व्हिक्टोरिया राणीचा काळा पुतळा उभा आहे. पूर्वी तो वकिलातीत होता. वकिलात गेली, राणी थडग्यांच्या राखणीला उरली.

त्या सागवानवाल्यांत एक होता लुई लिओनोवेन्स. हा त्या अ‍ॅनाचा मुलगा, जिच्यावर 'द किंग अँड आय' निघाला. अ‍ॅना १८६२ मध्ये मोंगकुट राजाच्या मुलांना शिकवायला बँकॉकला आली तेव्हा लहानगा लुई बरोबर होता. मोठेपणी तो सयामला परतला आणि बोर्नियो कंपनीतर्फे उत्तरेत सागवानाच्या धंद्यात शिरला. आता ऐका. अ‍ॅना जन्मभर सांगत राहिली की माझा जन्म वेल्समधला. तिच्या मृत्यूनंतर साठेक वर्षांनी डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या माणसाने (हा मुळात जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा अभ्यासक!) लुईवर पुस्तक लिहायला घेतलं आणि कागदपत्रं जुळेनात. १९७६ मध्ये त्याने ते छापलं. पुढे अभ्यासकांना नोंद मिळाली : जन्म १८३१, अहमदनगर. बाप कंपनीच्या फौजेतला सार्जंट, आईकडून बहुधा हिंदी रक्तही. लग्न १८४९ साली पुण्यात.

नगर आणि पुणं! म्हणजे माझ्या वहीतला अख्खा 'तिकडे'चा रकाना तिचाही होता, आणि तिने तो खोडून टाकला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा राग आला होता. आमच्या गावाची लाज वाटली होय हिला? आता तसं वाटत नाही. पदरी दोन पोरं, नवरा पेनांगला वारलेला, आणि मिश्र रक्ताच्या बाईला त्या काळच्या साहेबी समाजात कसलं स्थान. खोडलं म्हणूनच तिला नोकरी मिळाली असणार. पण किंमतही मोजली असेलच. पुण्या-नगरची एखादी आठवण ओठांवर आली की गिळायची, मुलांसमोरसुद्धा.

खंदकाची चक्कर संपता संपता मला एवढंच उमगलं, की मी वहीत जे मांडत बसलो होतो तो हिशेबच चैनीचा आहे. तुलना करायला मिळते ती परत जाता येणाऱ्याला. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवताना मी कुरकुर करतो, पण तिथे मी स्वतःच्या पायाने गेलेला असतो. आणि मला जी शांतता 'स्वस्तात' मिळते, ती ज्यांच्या पणज्यांना हाकलत आणलं त्यांनी दोनशे वर्षं राबून उभी केलेली आहे. ती माझ्यासाठी केलेली सोय नव्हे.

रात्री दादाला फोन केला. म्हटलं, घर विक. मी परत येईन म्हणून आईला थांबवून ठेवलं तर ते खोटं होईल, इतक्यात काही मी येत नाही. पण व्यवहाराच्या आधी पंधरा दिवस येतो, आईबरोबर त्या घरात राहतो. दादा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला तूच सांग."

आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ये. आणि येताना तिकडची ती चांदीची वाटी आण, मागे म्हणाला होतास ती."

शनिवारी वुआ लाईला जाईन म्हणतो.