बुलेट व क्रमचिन्हे (शब्दप्रक्रिया)

बुलेट म्हणजे यादीतील प्रत्येक मुद्द्याच्या आरंभी येणारे बिंदूसारखे चिन्ह होय. वर्ड प्रोसेसर अर्थात शब्दप्रक्रियकात टिपणे लिहिताना बुलेटचा आकार, फॉन्ट, समासापासूनचे अंतर व पातळी लेखकाला स्वतः ठरवता येते. मराठी टिपणांत या सोयीबरोबर देवनागरी अंक व अक्षरक्रम यांचाही प्रश्न येतो.

बुलेट आणि क्रमांक

ज्या मुद्द्यांचा क्रम बदलल्याने अर्थ बदलत नाही, त्यांना बुलेट देतात. जेथे क्रम महत्त्वाचा असतो, तेथे क्रमांक देतात. उदाहरणार्थ, जळगाव जिल्ह्यातील फळपिकांच्या टिपणात ‘केळी’ आणि ‘बोर’ हे पहिल्या पातळीवरील बुलेट ठरतात. ‘२०१६ मध्ये जळगाव केळीस भौगोलिक मानांकन’ हा मुद्दा केळीच्या खाली, तर ‘मेहरूण ही जात’ हा मुद्दा बोराच्या खाली दुसऱ्या पातळीवर येतो. लागवडीचे टप्पे मात्र १, २, ३ अशा क्रमाने द्यावे लागतात.

रचना बदलणे

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘डिफाइन न्यू बुलेट’ या पर्यायातून चिन्ह, चित्र वा फॉन्ट निवडता येतो. लिबरऑफिस रायटरमध्ये हे काम ‘बुलेट्स अँड नंबरिंग’ या चौकटीतून होते. मुद्द्याच्या आरंभी टॅब कळ दाबल्यास तो खालच्या पातळीवर जातो व शिफ्टसह टॅब दाबल्यास वरच्या पातळीवर येतो. वर्डमध्ये ९, तर रायटरमध्ये १० पातळ्या मिळतात. ठरवलेली रचना यादीशैली म्हणून जतन केल्यास पुढील यादीसाठी ती पुन्हा वापरता येते.

देवनागरी क्रम

मराठी पाठ्यपुस्तकांत व प्रश्नपत्रिकांत ‘अ, आ, इ, ई’ आणि ‘अ, ब, क, ड’ असे दोन क्रम आढळतात. पहिला स्वरांचा क्रम आहे. दुसरा इंग्रजी वर्णक्रमाच्या धर्तीवर रूढ झाला आहे. वर्डच्या फाइलींसाठीच्या ऑफिस ओपन एक्सएमएल या मानकात देवनागरीसाठीचे प्रकार हिंदीच्या नावाने आहेत: अंक, स्वर, व्यंजने आणि शब्दांतील गणना. अंक दोन्ही भाषांत समान असल्याने मराठीला चालतात. शब्दांतील गणना मात्र चालत नाही, कारण हिंदीतील ‘दो’ मराठीत ‘दोन’ होतो. ‘अ, ब, क, ड’ हा क्रम स्वरांचाही नाही व व्यंजनांचाही नाही. त्यामुळे तो या प्रकारांत बसत नाही आणि हाताने टंकित करावा लागतो. बहुपर्यायी प्रश्नाचे पर्याय चारच असल्याने त्यात अडचण येत नाही. प्रश्नक्रमांक मात्र स्वयंचलित ठेवणे सोयीचे असते, कारण मध्ये नवा प्रश्न घातल्यास पुढील क्रमांक आपोआप बदलतात.

उद्भवणाऱ्या अडचणी

स्वयंचलित क्रमांक हा टंकित मजकुराचा भाग नसतो. ‘मुद्दा ३ पाहा’ असे हाताने लिहिले असल्यास नवा मुद्दा घातल्यावर तो निर्देश चुकतो. त्याऐवजी ‘क्रॉस रेफरन्स’ वापरल्यास तो अद्ययावत करता येतो.

वर्डमधील नेहमीचे बुलेट ‘सिम्बॉल’ किंवा ‘विंगडिंग्ज’ या चिन्हफॉन्टमधून येते. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. युनिकोडमधील बुलेट (संकेतांक २०२२) निवडल्यास हा धोका कमी होतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. अशी फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावर मजकूर नीट आला, तरी स्वयंचलित क्रमांक १, २, ३ ऐवजी रोमन वळणाचे दिसू शकतात. अशा वेळी यादीचा अंकप्रकार पुन्हा देवनागरी निवडावा लागतो.