माग आणि कोरा कॅनव्हास : विणकर सेवा केंद्रातील चित्रकारांचे कार्यस्थळी शिक्षण

स्वातंत्र्योत्तर काळातील हातमाग उद्योगाचा इतिहास बहुधा उत्पादन, बाजारपेठ आणि सहकारी संस्था यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. या उद्योगासाठी नक्षी तयार करणारा अभिकल्पक आपले काम नेमके कोठे शिकला, हा प्रश्न त्यात फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

१९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले आणि १९५६ च्या सुमारास पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. येथील अभिकल्पाच्या कामासाठी चित्रकारांना पाचारण करण्यात आले, ही त्या काळाच्या मानाने धाडसाचीच गोष्ट होय. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, गौतम वाघेला हे या केंद्रांशी निगडित होते. सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले बरवे १९६१ मध्ये वाराणसीच्या केंद्रात रुजू झाले. पुढे मुंबईच्या केंद्रात आले आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, म्हणजे सुमारे दोन दशके, या नोकरीत राहिले.

कुंचला आणि माग यांची भाषा एक नसते. आलेख-कागदाच्या प्रत्येक चौकटीत ठरावीक ताणे व बाणे गृहीत धरलेले असतात. त्यामुळे सहज वळवलेली रेषा कापडावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. कागदावरचा तांबडा रंग निळ्या ताण्यावर विणला की जांभळट दिसू लागतो. एकच आकृती कापडभर पुन्हा पुन्हा आली की आकृतीपेक्षा दोन आकृत्यांमधील मोकळी जागाच डोळ्यांत भरते. यांपैकी बरेच काही नमुना विणून हाती आल्यावर आणि विणकराने आपली अडचण सांगितल्यावरच उमगते. वाराणसीच्या परंपरेत तर चित्र आणि माग यांच्यामध्ये नक्शबंद असे. कागदावरील नक्षी तो दोऱ्यांच्या जाळ्यात बांधी. त्याला जे बांधता येत नसे, ते कितीही सुंदर असले तरी विणले जात नसे.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकाच्या कृतीतील आणि कृतीनंतरच्या चिंतनाची मांडणी केली. केंद्रांतील चित्रकारांचा दिनक्रम या मांडणीच्या बऱ्याच आधीचा. बरवे यांनी दीर्घकाळ दैनंदिन्या लिहिल्या, आणि १९९० मध्ये त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या लेखनाचा विचार चित्रकलेच्या अंगाने होतो, तो योग्यच आहे. मात्र वाराणसीच्या वास्तव्यातून समीक्षेने तंत्रकलेचा प्रभाव तेवढा उचलला आणि माग मागेच राहिला. बरवे यांच्या उत्तरकालीन चित्रांत पान, घड्याळ, शंख अशा सुट्या वस्तू सपाट अवकाशात ठेवलेल्या दिसतात. मधल्या मोकळ्या जागेचे हे भान केवळ तंत्रकलेतून आले असे मानणे कठीण आहे.

बरवे यांच्या दैनंदिन्या २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात लोकांसमोर आल्या. विणकराचे चिंतन मात्र तोंडी होते. कोणता ताणा बदलावा, कोणती चौकट वाढवावी हे तो मागावर बसून सांगे, आणि त्याचे म्हणणे दुरुस्त झालेल्या नमुन्यात मुरून जाई. या केंद्रांतून निवृत्त झालेल्या विणकरांच्या व रंगाऱ्यांच्या मुलाखती महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना घेता येतील. त्या पिढीचे वय पाहता हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.