डाळीचे चारशे दाणे आणि उंबरखिंड

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, काही ठिकाणी पेढेही वाटले गेले. छानच झालं. पण त्या नोंदीचं नाव नीट वाचलंत का? त्यात 'किल्ले' हा शब्द नाही. नाव आहे 'मराठा लष्करी भूप्रदेश'. म्हणजे नुसते बुरूज नव्हेत, तर ज्या डोंगर, घाट, दऱ्या आणि समुद्राच्या जोरावर हे राज्य लढलं ती सगळी जमीन. आणि यादीत खिंड एकही नाही. प्रतापगड आणि साल्हेरच्या पायथ्याशी मोठ्या लढाया झाल्या, पण तेही यादीत आले ते किल्ले म्हणून.

मी मूळचा खोपोलीकडचा, गेली काही वर्षं माटुंग्यात राहतो. त्यामुळे माझ्या डोक्यात आली ती उंबरखिंड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे १६६० पासून शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून होता. चाकण त्यानं घेतलं, पण त्यासाठी पन्नासहून जास्त दिवस झुंजावं लागलं. मग त्याची नजर उत्तर कोकणावर गेली, आणि ती मोहीम त्यानं कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला दिली. सोबत माहूरची रायबागन होती. खानानं सरळ बोरघाट धरला नाही. लोणावळ्याच्या दक्षिणेकडून, आज ज्याला कुरवंडे घाट म्हणतात त्या बाजूनं, गुपचूप खाली उतरायचा बेत केला. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत राजांनी त्याला गाठलं. वर झाडीत मावळे, खाली अरुंद वाट. खान अडकला, शरण आला, खंडणी भरून परत गेला. राजांनी अभय दिलं आणि पाळलंही.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'मुळे. राजांच्या हयातीतच रचलेलं हे संस्कृत काव्य. दरबारी कवी म्हटल्यावर अलंकार येणारच, पण वाटेचं वर्णन त्यानं असं केलंय की नळीतून पाणी जावं तशी फौज चालली होती हे डोळ्यांपुढे येतं.

आता मुद्द्याचं. उंबरखिंडीचं नाव काढलं की कमेंटमध्ये एकच भांडण लागतं. खानाचे वीस हजार होते की तीस? आपले हजार की त्याहून कमी? कुणी आकडा जरा कमी लिहिला की लगेच 'महाराजांचा अपमान'. मला हा वाद कायम पोकळ वाटत आलाय. आणि तो पोकळ का, ते मला कुठल्या व्याख्यानात नाही, तर आमच्या चाळीतल्या एका टेबलावर दिसलं.

आमच्याकडे एक काका आहेत, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर डब्यांची मापं घेतलेला माणूस. दिवाळीत पोरांचा किल्ला करायचा तर तो 'मापात' हवा हा त्यांचा हट्ट. माती, पोती, अळीव, वर सिंहासनावर महाराज आणि किल्ल्याच्या दुप्पट उंचीचा मावळा, हे त्यांना अजिबात चालत नाही. (माटुंगा पश्चिमेला एक मोगल लेन आहे, तिथं खानाची छावणी मांडू या, असं एका पोरानं सुचवलं होतं. काका हसले नाहीत.) गेल्या वर्षी ते म्हणाले, किल्ला नको, खिंड करू.

टेबलावर लढाया खेळण्याचा छंद जगात जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशा आणि ठोकळ्यांवर लढाई खेळायला लावत, मध्ये एक पंच ठेवून. एच. जी. वेल्सनं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे बुद्धिबळ आहेच, पण त्याच्या पटाला डोंगर नसतो. सह्याद्रीतली लढाई सपाट पटावर कळत नाही.

तर आधी आम्ही चालून आलो. दादरहून सकाळची गाडी, लोणावळा, तिथून रिक्षानं आयएनएस शिवाजीच्या बाजूनं कुरवंडे. नागफणीचं टोक शेजारी ठेवून उतार सुरू होतो. काकांच्या हातात नकाशा आणि वही, पोरांच्या हातात मोबाइल. उतरताना एक गोष्ट पायांना कळते: इथं थांबता येतं, पण वळणं अवघड. मागून माणूस येतच असतो. पाचशे मीटरच्या आसपास उतरल्यावर चावणीच्या बाजूला अंबा नदीचं खोरं लागतं. तिथं उंबरखिंडीचं स्मारक आहे, ढाल-तलवारीचं. सगळे तिथं फोटो काढतात. आम्हीही काढले. पण लढाई त्या चौथऱ्यावर झालेली नाही, ती झाली आजूबाजूच्या झाडीत आणि वाटेवर.

टेबल सहा फूट बाय चार. थर्माकोलचे थर, वर लाकडाचा भुसा. प्रमाण असं की जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे टेबलावर ४० सेंटिमीटर. पाचशे मीटरचा उतार म्हणजे जेमतेम एक वीत. सैन्यासाठी तूरडाळ. एक दाणा म्हणजे पन्नास माणसं. खानाचे वीस हजार धरले, तर चारशे दाणे.

इथं काकांनी गणित मांडलं. वाट अरुंद, दोन-दोनच्या जोडीनं चालायचं, दोन जोड्यांत दीड मीटर अंतर. पन्नास माणसांच्या पंचवीस जोड्या झाल्या साडेसदतीस मीटर. टेबलावर दीड सेंटिमीटर. चारशे दाण्यांची रांग सहा मीटर!

दाणे मांडायला घेतले. वाटेच्या वळणांसकट टेबलावर दीडशेच्या आसपास मावले. बाकी अडीचशे? टेबलावरून स्टुलावर, स्टुलावरून उंबरठ्यावर, तिथून गॅलरीत. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या, तर त्यांना अडवून सांगावं लागलं की मोगल फौज आहे, पाय देऊ नका. जमिनीवर हीच रांग पंधरा किलोमीटर होते. घोडे, ओझ्याचे बैल, सामान काहीच न धरता. तासाला तीन किलोमीटर चाल धरली तरी पहिला शिपाई खिंडीत पोचल्यावर शेवटचा पाच तासांनी येणार.

आता मावळे. हजार धरले तर फक्त वीस दाणे. वाटेच्या एका किलोमीटरवर दोन्ही अंगांना वर झाडीत ठेवले, अठरा लागले, दोन उरले. त्याच किलोमीटरभरात खाली खानाचे दाणे मोजले: सत्तावीस. म्हणजे साडेतेराशे माणसं.

थांबा आणि पुन्हा वाचा. वीस हजार विरुद्ध हजार नाही. त्या घटकेला, त्या जागी, हजार विरुद्ध साडेतेराशे. त्यातले हजार उंचावर, लपलेले, दम खाल्लेले. बाकीचे साडेअठरा हजार कुठे आहेत? आमच्या गॅलरीत. हे आमचं गणित आहे, पुरावा नव्हे. दोनाच्या जागी तीन माणसं शेजारी धरा, आकडे बदलतील. पण खानाचे तीस हजार केले तर काय होतं? खिंडीतले सत्तावीस सत्तावीसच राहतात. लांबते ती शेपटी, आणि अडकण्याची कळ वाढते.

मग खेळलो. खान झालेल्याला स्वयंपाकघरात बसवलं. पुढच्या दाण्याला जे दिसेल तेवढंच पंचानं जाऊन सांगायचं. पहिल्यांदा खान झाली एक कॉलेजची मुलगी. तिनं हल्ल्याची बातमी येताच शहाणपणानं हुकूम दिला: मागे फिरा. काका म्हणाले, ठीक, जासूद निघाला. पण वाट भरलेली आहे ना? तो वर जाणार कुठून? मागच्यांना काहीच माहीत नाही, ते उतरतच आहेत. ती बराच वेळ टेबलाकडे बघत राहिली. दुसऱ्या खानानं चढावर हल्ला केला आणि दाणे फुकट घालवले. तिसऱ्यानं निरोप पाठवून तहाची बोलणी सुरू केली. रायबागननं खानाला तोच सल्ला दिला होता. 'शिवभारता'त ती त्याला चांगलीच सुनावते, की राजाच्या राखलेल्या रानात तू फौज आणलीसच कशी. टेबलापाशी उभं राहून ते वाचलं की त्या बाईची लष्करी नजर कळते. आपण तिचं नाव नुसतं ओझरतं घेतो.

राजांचं मोठेपण मला इथं दिसलं. कमी माणसांनी जास्त मारली यात नाही. खान कुठल्या वाटेनं उतरणार हे आधी कळणं, त्याला पुरता आत येऊ देणं, तोवर हजार माणसांनी झाडीत आवाज न करता बसणं. आणि जिंकल्यावर कत्तल न करता सोडून देणं, कारण हा पराभव पुण्यात शाहिस्तेखानाच्या कानावर त्याच्याच माणसांच्या तोंडून जायला हवा होता. हे शेवटचं माझं मत.

आणि म्हणूनच जीव खालीवर होतो. खालच्या खोपोली-पाली रस्त्याला फार्महाऊसच्या प्लॉटच्या पाट्या आहेत. स्मारकाला हात लावायची कुणाची हिंमत नाही, ते राहील. पण ज्या उतारावर मावळे बसले, जी वाट नळीसारखी होती, ती जमीन उद्या सपाट झाली तर उरलेला चौथरा कशाचं स्मारक? बुरूज ढासळला तर बातमी होते, मी स्वतः अशा बातम्या केल्यात. डोंगराचा उतार कापला तर तो 'विकास' असतो.

मागणी फार मोठी नाही. कुरवंड्यापासून चावणीपर्यंतची वाट लढाईची वाट म्हणून सरकारनं नोंदवावी, खुणा कराव्यात, दोन्ही अंगांचे उतार बांधकामापासून राखावेत. खालापूर तालुक्यातले आणि मावळातले वाचक इथं आहेत, त्यांनी आपापल्या ग्रामसभेत विषय काढावा. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो, इनबॉक्समध्ये मागा.

टेबल अजून मोडलेलं नाही. येत्या रविवारी दुपारी चारला पुन्हा खेळणार आहोत. यावेळी बेत असा की खानानं रायबागनचं घाटमाथ्यावरच ऐकलं तर काय. माटुंगा, दादर, परळकडच्यांनी पोरांना घेऊन या. डाळ आमच्याकडे आहे. गॅलरीतून मात्र जपून चाला.