पिंपरीचं हॅमायसिन आणि यीस्टमधली चरबी

पेनिसिलिन बुरशीपासून मिळालं आणि जिवाणूंवर चाललं. पण खुद्द बुरशीनेच माणसाला गाठलं तर? हे दुखणं जास्त अवघड, कारण बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या बरीच जवळची. तिला मारणारं विष बहुधा आपल्यालाही बाधतं. या पेचावरचं एक उत्तर महाराष्ट्रात, पिंपरीत सापडलं होतं.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला. मुख्य काम पेनिसिलिन बनवण्याचं, पण सोबत संशोधनही चाले. १९६१ मध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी तिथे हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधल्याचं जाहीर केलं. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावात गावच आलं: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. हॅमायसिन ज्या कुळातलं, त्याच कुळात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन यांनी १९५० मध्ये जाहीर केलेलं निस्टॅटिन येतं, आणि अँफोटेरिसिन बी सुद्धा.

ही औषधं बुरशीला नेमकी कुठे धरतात, हे कळलं ते पाव फुगवणाऱ्या यीस्टमुळे. यीस्ट ही एकपेशीय बुरशीच. दीड-दोन तासांत दुप्पट होते, आणि तिच्या पेशीपटलाची बांधणी आपल्यासारखीच, म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर. त्या थरात आपल्याकडे कोलेस्टेरॉल असतं, यीस्टकडे अर्गोस्टेरॉल. दोघांत फरक दोन दुहेरी बंधांचा आणि एका मिथिल गटाचा, बस.

१९५३ मध्ये अँड्रियासेन आणि स्टायर यांनी दाखवलं की प्राणवायू काढून घेतला, तर यीस्टला अर्गोस्टेरॉल बाहेरून पुरवावं लागतं. नाहीतर ती वाढत नाही. १९६० च्या सुमारास लॅम्पेन आणि सहकाऱ्यांना आढळलं की निस्टॅटिन यीस्टच्या पटलातल्या स्टेरॉललाच चिकटतं. बहुतेक जिवाणूंकडे स्टेरॉल नसतंच, म्हणून त्यांना या औषधाचं काही वाटत नाही. पुढे १९७२ मध्ये मोल्झान आणि वुड्स यांनी औषधाला दाद न देणाऱ्या यीस्ट तपासल्या, तर त्यांची अर्गोस्टेरॉल बनवण्याची साखळीच कुठेतरी तुटलेली निघाली. आम्ही प्रोग्रॅमर चूक शोधताना एकेक ओळ बंद करून बघतो, तसंच हे. साखळीतली एकेक पायरी आणि तिच्यामागचं जनुक असं हाती लागत गेलं.

या एवढ्याशा फरकावर किती काही टांगलेलं आहे, ते २०२१ च्या मे महिन्यात दिसलं. मी तेव्हा राजूरला, घरून काम करत होतो. आमचं गाव कोळसा खाणींचं आणि चुनाभट्ट्यांचं. ओळखीतल्या एका घरी करोनातून उठलेल्या माणसाला काळी बुरशी झाली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर अँफोटेरिसिनची विचारणा फिरत राहिली. महिनाअखेरीस शेजारच्या वर्ध्यात जेनेटिक लाइफसायन्सेसने ते इंजेक्शन बनवायला घेतलं, तेव्हा कुठे आमच्या भागात जरा धीर आला.

पण औषध मिळालं तरी धास्ती सरत नाही. डॉक्टर पुन्हापुन्हा क्रिएटिनिन तपासतात, कारण हे औषध मूत्रपिंडाला इजा करतं. अर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल इतके सारखे, की औषधाची पकड थोडी आपल्या पटलावरही बसते.

हे औषध पटलाला भोकं पाडून मारतं, असं बरीच वर्षं मानलं जाई. २०१२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या गटाने, पुन्हा यीस्टवरच, दाखवलं की अर्गोस्टेरॉलला नुसतं धरून ठेवणंही यीस्ट मारायला पुरतं. त्या धाग्यावरून पुढे जात २०२३ मध्ये त्यांनी मूत्रपिंडाला जपणारा नवा रेणू मांडला. तो सगळ्या चाचण्या पार करून दवाखान्यात पोचला, तर पुढच्या साथीत रुग्णाच्या घरच्यांना बुरशी की मूत्रपिंड, असा हिशेब करावा लागणार नाही.