हेलसिंकीतील यादी

इंटरनेटवरील निनावीपणाची पहिली मोठी कसोटी फिनलंडमध्ये लागली. १९९३ साली हेलसिंकीत योहान हेल्सिंगियस यांनी ‘अनॉन.पेनेट.एफआय’ ही सेवा सुरू केली. इंटरनेटवर लिहिणाऱ्याने खरे नाव सांगितलेच पाहिजे काय, असा वाद तेथील एका चर्चागटात पेटला होता. त्याला दिलेले हे कृतिशील उत्तर होते.

रचना साधी होती. ईमेल पेनेटकडे धाडायचा. तेथील संगणक पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता काढून टाकी, त्या जागी एक क्रमांक घाली आणि पत्र पुढे रवाना करी. त्या क्रमांकावर उत्तर आले की ते मूळ माणसापर्यंत पोहोचे.

गोम नेमकी इथेच होती. उत्तर परत पोहोचवायचे, तर कोणता क्रमांक कोणाचा याची यादी ठेवणे भाग होते. म्हणजे पेनेटचा वापरकर्ता काटेकोर अर्थाने निनावी नव्हताच. तो टोपणनावाने लिहीत होता. जगाला तो अनोळखी, पण हेलसिंकीतील एका संगणकाला पुरता ठाऊक! लाखो लोकांनी, त्यांत घरातील छळाविषयी प्रथमच बोलू धजणारेही होते, आपले नाव एका गृहस्थाच्या सचोटीवर सोपवले होते.

सचोटीत खोट नव्हती. फेब्रुवारी १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजीने आपली अंतर्गत कागदपत्रे चोरून प्रसिद्ध केल्याची तक्रार केली आणि फिनिश पोलीस दारात आले. यादीच जप्त होण्याची भीती होती. हेल्सिंगियस यांनी संपूर्ण यादी वाचवली, पण त्यासाठी एक पत्ता द्यावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयानेही असाच आदेश दिला. फिनलंडमध्ये कागदी पत्राची गुप्तता कायद्याने सुरक्षित होती. ईमेलबाबत मात्र कायदा संदिग्ध होता. ३० ऑगस्ट १९९६ रोजी हेल्सिंगियस यांनी सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले.

नवल असे, की या दुखण्यावरचा उपाय पंधरा वर्षे आधीच छापून आला होता. १९८१ साली डेव्हिड चॉम यांनी सुचवले होते की पत्र एकातएक बंद केलेल्या लिफाफ्यांसारखे कूटबद्ध करावे आणि अनेक संगणकांतून फिरवावे. प्रत्येक संगणक आपल्यापुरता लिफाफा उघडेल; त्याला फक्त मागचा आणि पुढचा टप्पा कळेल. संपूर्ण वाट एकालाही ठाऊक नाही, म्हणून पोलिसांनी मागावी अशी यादीही एकापाशी नाही. २००२ साली लोकांपुढे आलेला ‘टॉर’ याच विचाराच्या वंशातला. अर्थात टॉर वाट लपवतो, माणूस नव्हे. तेथेही स्वतःच्या नावाने खाते उघडणाऱ्याला कोण वाचवणार?

१९९६ मध्ये न्यायालयाने मागितलेल्या क्रमांकामागचा पत्ताही अखेर उघड झाला. तो कोणा व्यक्तीचा नव्हता. तो होता अमेरिकेतील दुसऱ्या एका टोपणनाव-सेवेचा, आणि ती चॉम यांच्या पद्धतीने कूटबद्ध टप्प्यांवर चालत होती.