वकिलातीची दोन दारे

गतवर्षी आमच्या संघटनेतील एका वृद्ध सभासदाबरोबर आम्ही पणजीच्या अल्तिनो टेकडीवर गेलो होतो. तेथे पोर्तुगालच्या कॉन्सलची कचेरी आहे. सभासद मूळचा सासष्टीचा. जहाजांवर कूक म्हणून त्याचा जन्म गेला आणि म्हातारपणी तो मुंबईतच स्थायिक झाला. त्याच्या नातवाला युरोपात नोकरी हवी होती, आणि त्यासाठी आधी आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात व्हावयास हवी होती. खिडकीशी उभे राहून म्हातारा कागद पाहत होता. जवळच्या फलकावर संगीताच्या एका कार्यक्रमाची जाहिरात होती. ती वाचून तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, गाणे ऐकायला कागद लागत नाही, नाही?"

या एका वाक्यात परदेशी वकिलातीचा सारा इतिहास आहे, असे आम्हांस वाटले. वकिलातीस दोन दारे असतात. एक खिडकीचे, जेथे माणूस अर्जदार असतो. दुसरे सभागृहाचे, जेथे तोच माणूस पाहुणा असतो. ही दोन दारे कशी निर्माण झाली आणि एक मिटले म्हणजे सामान्य माणसाचे काय होते, हे आज आपण पाहू.

वकील हा शब्द आपल्याकडे कोर्टातून नव्हे, दरबारातून आला. पेशव्यांच्या पुण्यात निरनिराळ्या सत्तांचे वकील राहत. अठराव्या शतकात पोर्तुगीजांचे काम पाहणारा नारायण शेणवी धुमे हा गोव्याचा सारस्वत होता. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली पोर्तुगीज भाषेत एक ग्रंथच प्रसिद्ध केला. पोर्तुगीजांच्या वतीने हिंदी दरबारांत वकिली करणाऱ्या हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी मंडळींची माहिती त्यात आहे. म्हणजे फिरंग्यांची वकिली आमच्याच माणसांनी केली. पण ही वकिली राजाची राजापाशी. शेतकऱ्याला वा खलाशाला त्या वाड्यात काही काम नव्हते.

कॉन्सलची गोष्ट निराळी आहे. कॉन्सल हा मुळात बंदरातला माणूस. परक्या बंदरात आपल्या देशाचा व्यापारी लुबाडला गेला, खलाशी आजारी पडला, कोणी मेला व त्याचे सामान घरी पोचवावयाचे राहिले, तर ते पाहणे हे त्याचे काम. वकील दरबारात बसला, कॉन्सल धक्क्यावर उभा राहिला. १९६३ साली व्हिएन्ना येथे झालेल्या करारात ही कामे शब्दबद्ध झाली: पारपत्र देणे, जन्म-मृत्यू नोंदविणे, खलाशांना साहाय्य करणे. त्याच कराराच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे परक्या देशात अटक झालेल्या माणसाला आपल्या कॉन्सलशी संपर्क साधण्याचा अधिकार आहे. कामगाराच्या दृष्टीने हे कलम म्हणजे या कराराचा गाभा होय.

हे दार मिटले म्हणजे काय होते, याचा धडा गोव्याच्या माणसाने फार पूर्वीच घेतला आहे. मुंबईच्या धोबीतलावावरील जेर महाल पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे आणि माझगावसारख्या वस्त्यांत गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते. एका गावच्या माणसांनी एकत्र राहावयाचे, जहाज मिळेपर्यंत तेथे पथारी टाकावयाची आणि सफर संपली की पैसे गाठीला बांधून गावी जावयाचे. माणूस कमवी हिंदुस्थानात, घर त्याचे पोर्तुगीज अंमलात. मध्ये सरहद्द होती खरी. पण रेल्वे चालू होती, पत्रे येत होती, तोवर ती फारशी बोचत नव्हती.

ती बोचू लागली स्वातंत्र्यानंतर. गोवा सोडण्यास सालाझारचे सरकार तयार होईना. १९५३ साली भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १९५५ साली दिल्लीतील पोर्तुगीज वकिलात बंद करावयास लावली, आणि त्याच वर्षी कॉन्सलच्या कचेऱ्याही मिटल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोव्याकडे जाणारी रेल्वे थांबली आणि येण्याजाण्यास परवाना लागू लागला. भारताची ही भूमिका न्याय्य होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण न्याय्य भूमिकेचीही किंमत कोणीतरी मोजतोच. आमच्या कूकचे वडील त्या वेळी मुंबईच्या कुडात होते. आई आजारी असल्याची तार आली, परवान्यासाठी अर्ज केला, आणि परवाना हाती पडेपर्यंत म्हातारी मातीआड झाली होती. ही हकीकत म्हाताऱ्याने आम्हांस पणजीच्या वाटेवर सांगितली. त्यात राग नव्हता. हिशेब सांगावा तसे तो सांगत होता.

दोन देशांचे बोलणे बंद झाले म्हणजे तिसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागते. पोर्तुगालच्या बाजूने दिल्लीत ब्राझील बोलू लागला आणि भारताच्या बाजूने इजिप्त. ना. ग. गोरे, मधु लिमये यांच्यासारखे सत्याग्रही गोव्याच्या तुरुंगात खितपत पडले होते. ते १९५७ साली सुटले. मोहन रानडे मात्र सुटले नाहीत. सांगलीचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला आणि क्रांतिकारक झाला. १९५५ साली पकडला गेलेला हा कैदी पुढे पोर्तुगालमधील काशियशच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण गोव्यासाठी लढलेला माणूस आणखी सात वर्षे लिस्बनजवळ बंदीतच राहिला. लिस्बनमध्ये भारताची वकिलात नव्हती की कॉन्सल नव्हता. इकडे सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट चालविली. १९६८ साली मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोप सहावे पॉल यांना भेटले आणि त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. एका मराठी कैद्यासाठी तमिळ पुढाऱ्याने रोमच्या धर्मगुरूकडे जावे, ही गोष्ट मनाला उभारी देणारी आहे. पण ज्याच्यासाठी असा कोणी रोमला जाणार नाही, त्या साध्या खलाशाचे काय? त्याच्यासाठी कलमच हवे. १७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने हेच छत्तिसावे कलम मोडले असा निर्णय दिला, तेव्हा आम्हांस काशियशच्या किल्ल्याची आठवण झाली.

मिटलेले दार उघडले ते पोर्तुगालमध्ये क्रांती झाल्यावर. २५ एप्रिल १९७४ रोजी तेथील हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, नवी दिल्लीत तह झाला. पोर्तुगालतर्फे मारियु सोआरिश यांची सही झाली आणि भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांची. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. त्याच तहात पोर्तुगीज भाषा, संस्कृती आणि जुन्या वास्तू यांच्या जतनाचाही उल्लेख आहे. तेव्हा सभागृहाचे दार हे नंतर सुचलेले शोभेचे दार नव्हे. ते खिडकीबरोबरच बांधले गेले. पुढे पणजीत कॉन्सलची कचेरी झाली, भाषेचे वर्ग सुरू झाले. १९९५ पासून फुंदासांव ओरियेंत ही पोर्तुगीज संस्था फोंताइन्हास भागात काम करीत आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकविणारे गोमंतकीय चित्रकार आंतोनियु झेवियर त्रिंदाद यांची चित्रे तेथे पाहावयास मिळतात. गाणे, चित्र, भाषा यांना आमचा विरोध नाही. ज्यांच्याशी लढलो त्यांचे गाणे ऐकता येणे, यातच आपला विजय आहे.

आता खिडकीकडे वळू. १९६२ च्या मार्चमध्ये निघालेल्या आदेशाने गोव्याची माणसे भारताची नागरिक झाली. ज्याला जुने नागरिकत्व ठेवावयाचे असेल त्याला तसे लिहून देण्यास एक महिन्याची मुदत होती. दुसऱ्या बाजूने, मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांना आणि त्यांच्या वंशजांना आपली नोंद करून नागरिकत्व मागण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने पुढे अनेक दशके खुली ठेवली. पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय संघात आला आणि या कागदाची किंमत एकदम वाढली. हजारो गोमंतकीय त्या आधारे इंग्लंडमध्ये गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. मग ब्रिटन त्या संघातून बाहेर पडले आणि २०२० च्या अखेरीस तेथील मुक्त प्रवेशही संपला. कागद तोच, किंमत मात्र लंडनमध्ये ठरली.

आणि आपल्या घटनेचे नववे कलम व १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा सांगतो की, स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. नुसती जन्माची नोंद म्हणजे नागरिकत्व घेणे काय, यावर बरेच वाद झाले. पुढे परदेशस्थ भारतीयांसाठी कार्डाची सोय झाली; पण त्या कार्डाने मत देता येत नाही. आमच्या कूकने खिडकीपाशी नेमके हेच विचारले. "माझा जन्म पोर्तुगीज राज्यात झाला. शाळेत असताना मी भारताचा झालो, मला कोणी विचारले नाही. आता पहिल्यांदाच मला कोणी विचारते आहे. मत गेले तर मग मी निवडणुकीच्या दिवशी काय करू?"

आम्ही आयुष्यभर कामगारांना सही करण्यापूर्वी कागद वाचावयास शिकविले. तरी त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. नातवाची भाकर एका पारड्यात, म्हाताऱ्याचे मत दुसऱ्या पारड्यात. नातवाला मोह झाला असे म्हणणे सोपे आहे. पण येथे पोटभर काम मिळाले असते तर तो टेकडी चढला नसता, हेही खरे. तेव्हा श्रोतेहो, आम्ही कोणास जा म्हणत नाही की जाऊ नका म्हणत नाही. एवढेच सांगतो की, कोणत्याही वकिलातीच्या खिडकीशी दलालाच्या बोटाला धरून जाऊ नका. हा कागद मला काय देतो आणि माझे काय घेतो, हे उघड विचारा. तो विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे आणि सांगणे हे तेथील माणसाचे काम आहे.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे गाणे ऐकावयास गेलो. म्हाताऱ्याला शब्द थोडेफार कळत होते, आम्हांस एकही नाही. परत येताना त्याने खिशातला अर्ज काढून पाहिला आणि पुन्हा घडी करून ठेवला. त्यावर अजून सही झालेली नाही. नातू दर आठवड्याला विचारतो.