तळटीप : नॅनोसेल्युलोज

नॅनोसेल्युलोज म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोजचे 100 नॅनोमीटरपेक्षा बारीक तंतू किंवा स्फटिक. कापसात 90 टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते, त्यामुळे कापूस पिकवणाऱ्या बुलढाणा जिल्ह्याचा या पदार्थाशी थेट संबंध पोहोचतो. कापूस वाहून नेण्यासाठी 1870 साली जलंबहून खामगावला लोहमार्ग आला, तो हाच प्रदेश. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर आखूड लव राहते. बोटांनी चोळूनही ती सुटत नाही. या लवेपासून, म्हणजे लिंटरपासून, दिवसाला सुमारे 10 किलो नॅनोसेल्युलोज तयार करणारा प्रायोगिक प्रकल्प माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना 1924) उभारला, ही मोलाची कामगिरी आहे.

गंधकाम्लाने सेल्युलोजचा विस्कळीत भाग विरघळवला की स्फटिक उरतात; लगदा यंत्राच्या जबर दाबाखाली पिळून काढला की लांब तंतूंचे जाळे मिळते. या जाळ्याच्या लगद्यात 98 टक्के पाणी असले तरी बाटली उलटी केल्यावर तो ओघळत नाही. कागद, वेष्टन, रंग, सिमेंट यांना त्याने बळकटी येते. मात्र तो तयार करताना वीज फार लागते, आणि वाळवताना तंतू पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात. खरी अडचण ही दुसरी आहे.

पऱ्हाटीतही, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांतही, सेल्युलोज असते, पण आधी त्याचे तंतू जखडून ठेवणारे लिग्निन काढावे लागते. वेचणी संपल्यावर बरीच पऱ्हाटी अजून चुलीत किंवा शेतातच जळते.